जिवतीची मांडी

स्कॉटलंडला गेल्यावर पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर 'वारसा' या शब्दाचा. थंडीचा नाही, रोजच्या उकडलेल्या बटाट्याचाही नाही. मी तिथे छापचित्रं शिकायला गेलेले. म्हणजे लाकूड नाहीतर लिनोची रबरासारखी लादी कोरायची, त्यावर रोलरने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून दाबायचा. वर्गातल्या तिथल्या मुलांना झाड, दगड, समुद्र, एकटेपणा, काहीही चालायचं. आम्हा दोन-चार बाहेरून आलेल्यांना मात्र आमच्या बाई फिरून फिरून तेच विचारायच्या, तुझा वारसा काय? आता डोंबिवली पूर्वेला, रिक्षा स्टँडच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, वन बीएचकेत वाढलेल्या मुलीने वारसा म्हणून काय दाखवायचं? पाण्याचं पिंप?

एका मुलीने पणजीने विणलेली लेस आणली. एका मुलाने आजोबांचा ढोल आणला, तोही विमानातून. मी चिडून खोलीवर गेले आणि बॅग उपसली. तळाशी, थर्मलच्या खाली, आईने मला न सांगता घातलेला जिवतीचा कागद सापडला.

ज्यांच्या घरी हा कागद नसतो त्यांच्यासाठी सांगते. श्रावण लागला की आमच्याकडे भिंतीवर एक छापील चित्र चिकटवतात. सगळ्यात वर नरसिंह, त्याखाली कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मधोमध पोरांना अंगाखांद्यावर घेतलेल्या दोन बायका, जरा आणि जिवंतिका, आणि तळाशी हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. दर शुक्रवारी आई त्या कागदाला आघाड्याची माळ घालते, पुरणाचे दिवे करते आणि मला ओवाळते. मुलांना सांभाळ, एवढंच मागणं. कागद असतो अगदी साधा, आणि छपाई हटकून सरकलेली. माझ्याकडच्या कागदावर कृष्णाचा निळा रंग कृष्णाला सोडून बोटभर डावीकडे नाचत होता.

बाई त्या कागदावर जाम खूश झाल्या. भिंग घेऊन बसल्या. चित्रकार कोण? माहीत नाही. किती जुनं? दरवर्षी नवं. मग जुन्याचं काय करता? पाण्यात सोडतो. "आणि नवं कोण काढतं?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलं की मी काहीतरी फेकतेच, तशी म्हणाले, "यंदा मी काढणार आहे. माझ्या आईच्या भिंतीवर लागेल आणि त्याची पूजा होईल." बाईंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की आता माघार घेण्याची सोयच राहिली नाही. शेवटच्या वर्षाचा माझा विषय तिथल्या तिथे ठरला. चित्र काढणं माझ्या हातात होतं, पण ते पुजणं आईच्या हातात. चित्र भिंतीवर लागलं नाही तर सगळं मुसळ केरात.

त्या संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "बघू."

आमच्या घरात 'हो'ला हो म्हणतात, 'नाही'ला 'बघू' म्हणतात.

सुट्टीत घरी आले तेव्हा आषाढ अर्धा उलटलेला. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मी लिनो कोरायला बसले. नरसिंह जमला, कृष्ण जमला, अडलं ते मधल्या बायकांपाशी. जिवतीच्या चित्रात महत्त्वाची असते मांडी. नीट ऐसपैस, दोन-तीन पोरं मावतील आणि वर एखादं सांडून जाईल अशी मांडी पाहिजे. कॉलेजात काढून काढून थकले होते, सगळ्या मांड्या योगासनाच्या क्लासमधल्या दिसत होत्या. आणि मग समोरचं दार उघडलं आणि मावशी दारात बसून गवार निवडायला लागली. मी कोरणी खाली ठेवली.

मावशी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून लग्न होऊन आलेली, आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. आई आणि ती एकमेकींना वहिनी म्हणतात. कोण कोणाच्या भावाची बायको, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. आता दोघं रिटायर होऊन घरी असतात, पण तेव्हा आई मुंबईत सरकारी ऑफिसात होती, बाबा वापीच्या कारखान्यात, ते शनिवारी यायचे. त्यामुळे पाचवीपर्यंत मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मावशीकडे. शाळेतून आले की तिच्याच मांडीवर डोकं टाकून पडायचं, तिच्याच हातचं जेवायचं. आमच्या घरी कांदा-लसूणसुद्धा वार बघून, आणि मावशीकडे तव्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा परतलेला असायचा, त्याच्याबरोबर तांदळाची भाकरी. जेवण झालं की मावशी माझे हात बेसनाने चोळून धुवायची, म्हणजे आईला वास येऊ नये. आई संध्याकाळी माझे हात हुंगायची आणि म्हणायची, "आज पण लाडू वळले वाटतं वहिनींनी." आम्ही तिला गंडवतोय अशी आम्हा दोघींची पक्की समजूत होती.

"मावशी, अशीच बस ना थोडा वेळ. मला तुझं चित्र काढायचंय."

"माजा? केवरी जाडी झालेय मी, कागद पुरंल कं?" असं म्हणत ती बसली मात्र मजेत. मी काढत होते आणि ती बोलत होती. श्रावण येतोय, आता नारळी पुनवेपर्यंत म्हावरा बंद, मग जगायचं कशावर, हा तिचा दरवर्षीचा प्रश्न. तिकरं तुला मासं तरी मिळतात कं? मिळतात म्हटलं, पण काटे काढून. तिला माझी फार कीव आली.

चित्र झालं. जिवंतिका झाली हुबेहूब मावशी, मांडीवर आणि खांद्यावर पोरं लोंबकळणारी. दुसरी बाई, जरा, मी बाजारच्या कागदावरून उतरवून घेतली. तेलाच्या शाईला पावसाळ्यात वाळायला सांगणं म्हणजे आमच्या वॉर्डात पाण्याला वेळेवर यायला सांगण्यासारखं. घरातल्या कपड्यांच्या दांडीवर माझे कागद चिमटे लावून टांगले होते. बाबांच्या बनियनच्या शेजारी नरसिंह लटकलेला. बाबा सकाळी बनियन काढताना देवाला नमस्कार करायला लागले, त्यावरून मी ओळखलं की निदान एक मत आपल्या बाजूला आहे.

मग मी एक कागद हाताने रंगवला आणि आईला दाखवला. आईने चष्मा लावला. पहिला फटका रंगावर.

"हिरवी साडी?"

"छान दिसतेय की. पैठणी आहे."

"अगं, मी जन्मभर श्रावणी शुक्रवारी हिरवी बांगडी घातली नाही, आणि तू तिलाच हिरवं नेसवलंस?"

जिवतीचं व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी हिरवं अंगाला लावत नाहीत. आईच्या शुक्रवारच्या लाल-जांभळ्या साड्या मी लहानपणापासून बघत होते, पण का, हे कधी विचारलं नव्हतं. वारशाचा अभ्यास करायला निघालेली मी! गुपचूप दुसरा कागद घेतला आणि साडी जांभळी केली. मग आई म्हणाली, वाघ उपाशी दिसतोय. वाघाला खाऊ घातलं. नरसिंह आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा दिसतो, म्हणाली. ते खरंच होतं, आणि मुद्दाम केलेलं होतं, म्हणून त्याच्या मिशा उडवल्या. आता सगळं झालं असं मला वाटलं तेवढ्यात आईने कागद डोळ्यांजवळ नेला.

"या वहिनी आहेत."

"ओळखल्यास ना? सॉलिड आल्यात की नाही?"

"आणि ही दुसरी कोण?"

"ती कोणी नाही, अशीच."

आईने चष्मा काढला, कागद टेबलावर ठेवला आणि कुकर लावायला गेली. "आई, मग लावायचा ना?" मी विचारलं. आतून आलं, "बघू."

श्रावण दोन दिवसांवर आला तेव्हा आईने मला कल्याणला नेलं. कल्याण तिचं माहेर. डोंबिवलीत सगळं मिळतं, पण पूजेचं सामान कल्याणच्या बाजारातलंच, यावर तिच्याशी वाद घालून उपयोग नाही. आम्ही आघाडा घेतला, कापसाची वस्त्रं घेतली, फुटाणे घेतले. आणि मग आई एका गाडीपाशी थांबली आणि जिवतीचे कागद चाळायला लागली. हल्ली ते गुळगुळीत चकचकीत झालेत. कृष्णाचे दंड जिमला जाऊन आल्यासारखे. आई एकेक कागद वांगी निवडावी तसा उलटासुलटा करत होती. त्यातला एक तिने घेतला आणि गुंडाळी करून पिशवीत टाकला.

"हा कशाला?"

"असू दे जवळ."

माझं डोकंच फिरलं. परतताना पत्री पुलाजवळ रिक्षा अडकली आणि मला तेवढंच निमित्त झालं. मी म्हटलं, इतके महिने मी मरमर करतेय, हात कापून घेतलेत, तिकडे बाईंना शब्द दिलाय, आणि तुला तो जिमवाला कृष्ण चालतो, माझी जिवती चालत नाही? रिक्षावाल्याने गाण्याचा आवाज कमी केला. त्याला पुढचं नीट ऐकायचं होतं.

आईने मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "या बाजारातल्या कागदात ओळखीचं कोणी नाही. त्याला मला हात जोडता येतात."

"म्हणजे मावशीला जोडता येत नाहीत?"

"ऑफिसात सगळ्या बायका सांगायच्या," आई म्हणाली, "आज पोराने साडीच सोडली नाही, आज हात सोडवून घ्यावा लागला, ट्रेनभर डोळे पुसत आले. मी पण सांगायचे, माझी पण रडते म्हणून. खोटं सांगायचे. तू माझा हात सोडून पळत आत जायचीस. एकदा वळून बघितलं नाहीस. वहिनींनी तुला वाढवलं हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. बसव त्यांना देवी करून, खुशाल बसव. पण माझ्याच भिंतीवर, मीच रोज हात जोडायचे, आणि शेजारी ती दुसरी 'कोणी नाही, अशीच' बसलेली, हे मला नको सांगूस."

मला फार वाईट वाटलं. मी मावशीची मांडी काढली ती चित्राला बरी पडली म्हणून. त्यात आईला दुखावणारं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रिक्षा हलली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे असं बघत होता की जणू मी त्याच्याच आईला बोलले.

घरी येऊन मी मधल्या बायकांपुरता नवा लिनो काढला. म्हटलं, सोपं आहे, दुसरी बाई आई करायची, मिटलं. पण आईचं चित्र काढायला आई बसली पाहिजे ना! पाटावर बसवली, तर दूध उतू जाईल म्हणून उठली. परत बसवली, तर बेल वाजली. मांडी घालून बसलेली आई मला आठवूनही काढता येईना. कागदावर जी कोणी उतरत होती ती भिशीला आलेल्या पाहुणीसारखी अवघडून बसली होती. मी चार-पाच कागद फाडले. आई म्हणाली, "राहू दे गं, तुझ्या बाईंना सांग लावलं म्हणून, त्या काय बघायला येतात?" हे ऐकून तर मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात मावशी वाटीभर साखर मागायला आली आणि तिची नजर दांडीवर गेली.

"अगो बाय! यो माजा तोंड कं?" तिने चक्क कानांना हात लावले. "वैनी, ह्यो उतरवा पयले. देवीला माजा तोंड लावलाय पोरीनी. माना पाप लागंल."

"लागत नाही पाप," आई कोरडेपणाने म्हणाली. "तुमच्याकडेच तर वाढली ती. आमच्याकडे नुसती झोपायला यायची."

मावशीने रिकामी वाटीच कमरेवर टेकवली. मग तिचा आवाज चढला. मावशीचा आवाज चढला की खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना विषय कळतो.

"कोन, ही? हिच्यापायी रोज माजा भात निवायचा! सकाळी रडायची नाय, ते खरा. पन दिवे लागले का गॅलरीच्या गजाला जी चिकटायची, ती हलायची नाय. जेव म्हटला तं नाय, खेल म्हटला तं नाय. आई आली कं, आई आली कं, नुसता डोका खायाची माजा. तुमची रिक्षा वलताना दिसली का मंग तोंडात घास घ्यायची. आनि तुमी दारात आल्या का अशी बसायची जशी काय झालाच नाय."

आई ओट्याला टेकली. "हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत, वहिनी."

"बोलून काय करायचा? तुमी हापिसात रडला असता. येताना घाय करून कुठं पडला असता." मग मावशीने वाटी पुढे केली. "साखर द्या, चहा उकललाय माजा."

खरं सांगायचं तर मला यातलं काही आठवत नाही. मला जवळा आठवतो, बेसन आठवतं, मावशीच्या साडीचा वास आठवतो. गॅलरीचे गज आठवत नाहीत. पण मावशी खोटं बोलत नाही, तिला ते जमतच नाही. आईने साखर दिली, दार लावलं आणि मी फाडलेले कागद जमिनीवरून एकेक उचलायला लागली.

त्या रात्री जेवण झाल्यावर मला दुसरी बाई सापडली. तिला मांडी घालून बसवायचंच नव्हतं मुळी. ती उभी राहिली: खांद्याला पर्स, केस विस्कटलेले, एक पाय चपलेतून निघालेला, दुसरा अजून चपलेत, आणि मावशीच्या मांडीवरून एक पोरगी उठून तिच्याकडे झेपावलेली. माझा हात भराभर चालत होता. सकाळी पहिला छाप काढला तेव्हा आई मागे येऊन कधी उभी राहिली, कळलं नाही.

"देवीच्या खांद्याला पर्स?" ती म्हणाली.

"काढू का?"

ती वाकून बघायला लागली. पर्सच्या बंदाला मी गाठ मारलेली होती, तिच्या ऑफिसच्या तपकिरी पर्सला होती तशी. तिने त्या गाठीवर बोट ठेवलं आणि शाई बोटाला लागली. "राहू दे," ती म्हणाली. "पण हिरवी नको हं साडी." मग पदराला बोट पुसलं आणि पूजेची तांब्याची भांडी घासायला काढली.

पहिल्या शुक्रवारी मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा कागद भिंतीवर लागलेला होता. शाई अजून थोडी ओलीच होती, म्हणून आईने आघाड्याची माळ जरा लांबून, खिळ्याला अडकवून सोडली होती. बाजारातला कागद बाबांच्या हवाली झाला. त्यांनी तो त्यांच्या कपाटात नीट ठेवून दिला, देवाचा आहे म्हणून. मी बाईंना पाठवायला फोनवर फोटो काढायला गेले तर आई ओरडली, आधी पूजा होऊ दे, फोटो कुठे पळून जात नाही.

हळदकुंकवाला मावशीला बोलावलं होतं. ती नवी साडी नेसून, केसांत गजरा घालून आली आणि भिंतीकडे न बघता बसली. स्वतःच्याच चेहऱ्याला नमस्कार कसा करायचा, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. शेवटी तिने डोळे मिटून केला. मग मी पाटावर बसले. पुरणाचे दिवे पेटले, बाबांनी पंखा बंद केला. आईने तबक उचललं, माझ्यासमोर आली, आणि मला ओवाळायच्या ऐवजी तबक मावशीपुढे धरलं.

"आधी तुम्ही."

"नाय वो वैनी. आमच्यात नसता ह्यो."

"नसू दे. पाचवीपर्यंत पोरगी तुमच्याकडे होती. इतकी वर्षं मी एकटीच ओवाळत बसले, हे चुकलंच माझं."

मावशीने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, सुटकेचा कुठेच रस्ता दिसेना तेव्हा तबक घेतलं. सवय तर नव्हतीच. कुंकू कपाळापासून थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं, अक्षता मूठभर पडल्या, आणि पुरणाचा घास एवढा मोठा की मला तोंड मिटता येईना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक वाहायला लागलं. "रडतेस कशाला गो," मावशी म्हणाली, आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावून मुसमुसायला लागली.

आई बाजूला उभी राहून सगळं बघत होती. तिने मावशीला रडू दिलं, मला घास गिळू दिला. मग हात पुढे करून तबक मावशीच्या हातातून काढून घेतलं.

"झालं ना वहिनी?" ती म्हणाली. "आता सरका. आता माझा नंबर."